शिरस्त्राण आणि चेहरा



होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात एक लहानसा प्रसंग आहे. ट्रॉयचा वीर हेक्टर रणांगणाकडे परतण्यापूर्वी नगराच्या वेशीपाशी पत्नी अँड्रोमाकी आणि तान्हा मुलगा यांना भेटतो. मुलाला घेण्यासाठी तो हात पुढे करतो, तोच मूल किंचाळून दाईच्या कुशीत तोंड लपवते. पित्याच्या मस्तकावरील कांस्याची झळाळी आणि वर डुलणारा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून ते भ्यालेले असते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून घेतो. प्राचीन ग्रीकांच्या कांस्य शिरस्त्राणांची सारी थोरवी आणि सारी व्यथा या एका प्रसंगात सामावलेली आहे.

ही शिरस्त्राणे घडत कशी, हे आधी पाहणे योग्य ठरेल. अर्गोस येथे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातील एका योद्ध्याच्या थडग्यात कवचासह एक शिरस्त्राण मिळाले. ते अनेक तुकडे एकत्र जोडून केलेले होते. त्यानंतर लवकरच, इ. स. पू. ७००च्या सुमारास, ग्रीक कारागिरांनी मस्तक, मान, गाल आणि नाक यांना झाकणारे शिरस्त्राण सांधा न ठेवता कांस्याच्या एकाच तुकड्यातून घडवण्याची विद्या साध्य केली. कॉरिंथ नगराच्या नावाने ओळखला जाणारा हाच तो प्रकार होय.

कांस्य हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. त्यात साधारणतः नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील असे. हा धातू थंड असताना ठोकला की कठीण होतो आणि ठोकतच राहिले की ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून कारागीर काही वेळ ठोकून तो पुन्हा भट्टीत तापवी, मऊ करी आणि पुन्हा ठोकी. तांबट ज्याला मठारणे म्हणतात, तीच ही क्रिया, पण येथे घागरीची गोलाई साधायची नसून माणसाच्या कवटीची साधायची असे. माथ्याकडील पत्रा पातळ ठेवायचा, समोरचा भाग आणि नाकावरची पट्टी जाड ठेवायची, म्हणजे वजन कमी राही आणि घाव जेथे बसायचा तेथे बळ राही. अखेरचे ठोके दिल्यावर मात्र धातू पुन्हा मऊ करायचा नाही. त्या ठोक्यांनी आलेला कठीणपणा हेच योद्ध्याचे रक्षण. आतून चामड्याचे किंवा नमद्याचे अस्तर लावीत. अनेक जुन्या शिरस्त्राणांच्या कडेने त्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे आजही दिसतात. एवढे कौशल्य ओतूनही त्या कारागिरांची नावे मागे उरलेली नाहीत. पत्र्यावर उरले आहेत ते त्यांच्या हातोड्याचे मोजूनमापून घातलेले घाव.

या संरक्षणाची किंमत मोठी होती. कॉरिंथी शिरस्त्राणाला कानांसाठी जागा नव्हती, त्यामुळे योद्ध्याला धड ऐकू येत नसे. डोळ्यांच्या खाचांतून समोरचे दिसे, बाजूचे फारसे दिसत नसे. असा योद्धा एकटा लढूच शकत नव्हता. तो खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेत लढे आणि त्याची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीच्या आडोशाला असे. स्वतःला जे दिसत नाही, ते शेजारी सांभाळील, या विश्वासावर ती रांग उभी राही. पुढे कान मोकळे ठेवणारे, तोंड उघडे ठेवणारे प्रकार प्रचारात आले.

शिरस्त्राणाने चेहरा झाकला की माणसाचे नाव, वय, भीती, सारे काही झाकले जाई. डोळ्यांवर उठावात घडवलेल्या भुवया आणि माथ्यावरचा उंच तुरा यांमुळे शत्रूसमोर उभी राही ती माणसाची आकृती नव्हे, धातूची. म्हणूनच ग्रीक कलावंतांना जेव्हा पराक्रमाबरोबर विवेकही दाखवायचा असे, तेव्हा ते शिरस्त्राण मागे सारून कपाळावर ठेवीत. कॉरिंथच्या रौप्य नाण्यांवरील अथीना देवीचे शिरस्त्राण असेच मागे सारलेले आहे आणि तिचा चेहरा पूर्ण दिसतो. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचा प्रसिद्ध अर्धपुतळाही तसाच आहे. शस्त्र हाताशी आहे, पण या क्षणी बोलतो आहे तो माणूस, असा त्याचा अर्थ लावता येतो.

ही परंपरा पुढे भारताच्या वायव्य सीमेपर्यंत आली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील राजा मिलिंद म्हणजेच ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या काही रौप्य नाण्यांवर एका बाजूस शिरस्त्राण घातलेला त्याचा चेहरा ग्रीक अक्षरांसह आहे, तर दुसऱ्या बाजूस अथीना आणि खरोष्ठी लिपीतील लेख. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा म्हणून जो स्मरणात राहिला, त्याचे मुखही शिरस्त्राणाखाली उघडेच आहे.

शिरस्त्राणाचा सर्वांत अर्थपूर्ण प्रवास मात्र ऑलिम्पियाच्या देवस्थानात संपतो. तेथील उत्खननात शेकडो शिरस्त्राणे निघाली. ती योद्ध्यांनी आणि नगरांनी झ्यूस देवाला अर्पण केलेली होती. त्यांपैकी एकावर मिल्टियाडीसने ते झ्यूसला अर्पण केल्याचा लेख कोरलेला आहे. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर पर्शियन सैन्याला हरवणाऱ्या सेनापतीचे हे नाव. त्याच संग्रहालयात एक टोकदार पौर्वात्य शिरस्त्राणही आहे. अथेन्सवासीयांनी ते मीडांकडून, म्हणजे पर्शियनांकडून, घेऊन झ्यूसला वाहिल्याचे त्यावर लिहिले आहे. जेत्याचे आणि जिताचे शिरस्त्राण आज एकाच छपराखाली आहे. मॅरेथॉननंतर थोड्याच काळात पॅरॉस बेटावरील मोहीम फसली, तेव्हा अथेन्सने याच मिल्टियाडीसला पन्नास टॅलंट दंड ठोठावला. मोहिमेत झालेली जखम चिघळून तो मरण पावला आणि दंड त्याचा मुलगा किमॉन याने भरला. कीर्तीने त्याला वाचवले नाही. देवाला दिलेले तेवढे राहिले.

हेक्टरचेही तेच झाले. झळाळत्या शिरस्त्राणाचा वीर हे त्याचे महाकाव्यातील बिरुद, पण त्या शिरस्त्राणाने त्याचे प्राण राखले नाहीत. अकिलीसच्या भाल्याने तो पडला. तरीही अडीच हजारांहून अधिक वर्षे वाचकाच्या मनात घर करून राहिला आहे तो वेशीपाशी शिरस्त्राण उतरवून ठेवणारा बाप. मुलाला हातांवर झुलवून, त्याचे चुंबन घेऊन तो देवांकडे मागणे मागतो, की हा मुलगा बापाहून कितीतरी सरस निघाला, असे लोकांनी एक दिवस म्हणावे. जगाशी लढताना प्रत्येक पिढीला काही ना काही मस्तकावर चढवावे लागते. पुढच्या पिढीला कडेवर घ्यायचे, तर ते आधी उतरवून खाली ठेवावे लागते.