बाग देवाची, राखण आपली

ज्वारी हुरड्यावर आली की पाखरे हाकायला शेतात राखणदार बसतो. पिकाचा मालक तो नसतो. पण कणसे गेली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. मुलांना निसर्गाची निगा कशी शिकवावी, या प्रश्नाचे उत्तर मला या राखणदाराजवळ सापडते.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या आरंभीच एक कथा आहे. परमेश्वराने बाग लावली आणि तिची मशागत व राखण करण्यासाठी माणसाला तिच्यात ठेवले. म्हणजे माणूस मालक नव्हे, कारभारी. आणि कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावाच लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच शिकवण नव्याने मांडली. धरतीला झालेली जखम आधी गरिबाला दुखते, हे त्यांनी बजावले. पाणी जपून वापरणे, झाड लावणे अशा रोजच्या लहान कृतींतून वळण लागते, असेही सांगितले.

ही झाली रोमची गोष्ट. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण वसईचे. तेथील कॅथलिक शेतकरी मराठी बोलणारा, केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या करणारा. मुंबई वाढली तशा वाड्यांच्या जागी इमारती येऊ लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. समुद्र जवळ, उपसा फार झाला की गोड्या विहिरीत खारे पाणी शिरते. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या द्वारे लोकांना उभे केले. हेच फादर २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले.

परभणीला समुद्र नाही, पण दुखणे तेच आहे. आपल्या काळ्या मातीखाली काळा पाषाण. त्याच्या फटींत मावेल तेवढेच पाणी. बोअर खोल नेला म्हणून पाऊस काही वाढत नाही! २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. आषाढात वृक्षारोपण होते, फोटो निघतो, आणि चैत्रात खड्ड्यात नुसती काडी उरते. दोष मुलांचा नाही. त्यांना लावायला सांगितले, राखायला कोणी सांगितलेच नाही.

म्हणून शंभर रोपे नकोत. चार-पाच मुलांत मिळून एक कडुनिंब किंवा एक चिंच द्या. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करू द्या. बुडाशी मडके पुरा. त्याच्या तळाला बारीक भोक पाडून सुती वात घाला, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते. दुपारच्या आहारापूर्वी मुले हात धुतात, ते पाणी साठवून मडक्यात घालावे. कोणी, कधी घातले ते वहीत लिहावे आणि शनिवारी वर्गापुढे वाचावे. मे महिन्यात शाळा बंद असते. तेव्हा पाळी कोणाची, हे मात्र मार्चमध्येच ठरवा. खरी परीक्षा तीच. रोप मेले तर छडी उगारू नका. कशाने मेले ते मुलांनाच शोधू द्या आणि पुन्हा लावू द्या.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पोर शाळेत तांब्याभर पाण्याचा हिशेब लिहून घरी येते आणि पाहते तो काय, दारची टाकी भरून वाहते आहे, कोणाचे लक्ष नाही! मग शाळेतला धडा तिथेच पुसला जातो. मूल ऐकते थोडे, बघते फार.

हे शिकण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. कोणी देवाची बाग म्हणेल, कोणी काळी आई म्हणेल. आपण राखणदार आहोत एवढे मुलाच्या मनात बसले, म्हणजे पुरे. हिशेब मागायला उद्या आपलीच नातवंडे येणार आहेत.