मदत मागणारा संदेश



आज माझीच फजिती सांगतो. धानाच्या मळणीचे दिवस होते. माझ्या मोबाईलवर एका आजारी मुलाचा फोटो आला. खाली लिहिले होते, "हा संदेश दहा जणांना पाठवा. प्रत्येक संदेशामागे मुलाला पैसे मिळतील." मी लगेच पाठवला. नात म्हणाली, "आजोबा, पण पैसे देणार कोण?" मी गप्प! संदेश पुढे ढकलून कुणाला छदामही मिळत नाही. पूर्वी देवाच्या नावाने अशीच पोस्टकार्डे फिरत. तेव्हा निदान कार्डाला पैसे पडत.

काही संदेश मात्र खिसाच कापतात. २०२० साली करोना आला. 'पीएम केअर्स' हा निधी निघाला. मोबाईलवरून पैसे भरण्याचा त्याचा पत्ता होता. लबाडांनी तसाच दुसरा पत्ता काढला. 'केअर्स'मधले शेवटचे 'एस' तेवढे गाळले. पाहा, एका अक्षराचा फरक! तुम्हांला आता वाचता येते. अक्षर न् अक्षर वाचा.

मग खऱ्या आजाऱ्याला मदत करायची नाही का? करायची. पण आधी विचारा, गाव कोणते, दवाखाना कोणता? दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून फोन करा. संदेशातला नंबर नको. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा, पावती मागा. फसलात तर लाजू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. उशीर झाला की पैसे हातचे जातात.

त्या दहाही जणांना मी दुसऱ्या दिवशी खरे सांगितले. तोवर चौघांनी संदेश पुढे पाठवला होता.