भिंतीलगतची लाल अंबाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा माझा विषय तसा लहान आहे. आपल्या मागच्या भिंतीलगत दरवर्षी लाल अंबाडी उभी राहते ना, तिच्याबद्दल थोडे बोलायचे आहे. त्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटर लावायची सोय करावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. हात वर करण्याआधी हे झुडूप काय आहे, एवढे तरी आपल्याला माहीत हवे.

अंबाडी ही जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्या कुळातली. लाल दांडा, पंजासारखी पाने, उंची पाच-सात फूट. पावसाच्या सुरुवातीला बी टाकायचे. दिवस लहान होऊ लागले की फुले येतात. फिकट पिवळे फूल, मधोमध गडद लाल. सकाळी उमलते, त्याच दिवशी मिटते. मग खालचे लालबुंद बोंड भरत जाते. शोभेला क्रोटनपेक्षा कुठे कमी आहे, सांगा! आणि क्रोटनची भाजी होत नाही.

अंबाडीची होते. कोवळी पाने उकडून पाणी काढून टाकायचे, तूरडाळ आणि कण्या घालून शिजवायचे, चवीला गूळ, आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी. दुसरे काही लागत नाही. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे हीच पाने गोंगुरा होतात. बोंडांच्या लाल पाकळ्यांचे सरबत होते, चटणी होते. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याच वाळवून ‘कर्कदे’ नावाचे पेय करतात. आमच्या पिढीने अंबाडीच्या वाखाचे दोर वापरलेत, हे नातवंडांना मुद्दाम सांगा.

एक सूचना मात्र द्यायलाच हवी. पाने आंबट असतात ती त्यातल्या आम्लांमुळे, आणि त्यात ऑक्सॅलिक आम्लही असते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. भाजी स्टीलच्या भांड्यात करावी, अॅल्युमिनियमच्या नको.

आता ठरावाचे. स्कूटरची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण आपल्या आवारात उघडी माती उरली आहे ती तेवढीच. पावसाचे पाणी मुरते तेही तिथेच. म्हणून माझी दुरुस्ती अशी : ब्लॉक जरूर बसवा, पण भिंतीलगतची तीन फूट माती मोकळी ठेवा. स्कूटरही राहतील आणि अंबाडीही. तिची निगा आम्ही कट्ट्यावरची मंडळी ठेवू. सोसायटीला खर्च शून्य, हे बँकेत आयुष्य काढलेला माणूस हिशेब करून सांगतोय!

बियांच्या पुड्या दाराशी ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, कुंडीतही येते.