विहिरीवरच्या बाईला पापी कुणी ठरवलं?

(दलित मुक्ती रविवारच्या तयारीसाठी जमलेल्या तरुण उपदेशकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोव्हेंबरातल्या दलित मुक्ती रविवारी तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या मंडळीत उपदेश करणार आहेत. मी पाळक नाही, समाजशास्त्राची संशोधक आहे. त्यामुळे उपदेश कसा करावा हे मी सांगणार नाही. शास्त्रपाठ हातात आल्यापासून उपदेश तयार होईपर्यंत आपण कोणते निर्णय घेतो आणि त्यांत जात कुठे शिरते, एवढंच मांडते. त्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घेऊ.

भर दुपार आहे. सूखार गावाजवळ याकोबाची विहीर आहे. येशू दमून तिथे बसलाय, शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेलेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

यावरचा ठरलेला उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. पाच नवरे केलेली पापी बाई लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून दुपारी येते, येशू तिचं पाप उघड करतो आणि तिचा उद्धार करतो. म्हणून तयारीचं पहिलं काम हे: अध्याय सलग, मोठ्याने वाचा आणि पेन्सिल घेऊन त्यात ‘पाप’ हा शब्द शोधा. सापडणार नाही. पाचव्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाला येशू पुन्हा पाप करू नकोस म्हणतो, आठव्या अध्यायातल्या बाईलाही म्हणतो. हिला म्हणत नाही. तिचे नवरे मेले की त्यांनी तिला टाकलं, हे पाठ सांगत नाही. त्या काळी सोडचिठ्ठी देणं मुख्यतः पुरुषाच्या हाती होतं. लाजेची गोष्टही पाठात नाही. ती उपदेशकांनी घातली आहे.

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांवर टीका केली ती याच ठिकाणी. धर्मांतरितांच्या स्थितीवरचा त्यांचा लेख त्यांच्या पश्चात इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आला. त्यातला त्यांचा मुद्दा असा, की अस्पृश्याची अवस्था ही समाजाने आणि धर्माने केलेल्या अन्यायाची निपज आहे. त्याला ‘तू तुझ्या पापामुळे पतित झालास’ असं शिकवलं की अन्याय करणारा सुटतो. आता विहिरीवरच्या बाईकडे पुन्हा पाहा. तिच्या चारित्र्यावर वीस मिनिटं बोलणारा उपदेशक तिच्या आणि येशूच्या मधल्या बंदीवर किती मिनिटं बोलतो?

ती बंदी नवव्या वचनात आहे. बाई विचारते, तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस? पुढे स्पष्टीकरण येतं. बहुतेक भाषांतरांत त्याचा अर्थ ‘संबंध ठेवत नाहीत’ असा येतो. काही अभ्यासक ‘एकमेकांची भांडी वापरत नाहीत’ असा करतात. म्हणून दुसरं काम: एकाच भाषांतरावर थांबू नका. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ते भाषांतरही शेजारी ठेवा. येशूकडे पोहरा नाही. म्हणजे तो तिच्याच भांड्यातून पिणार. आपल्याकडे ‘कुणाचं पाणी चालतं’ हा शब्दप्रयोग आजही कळतो. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाणी प्यायलो तो हक्काचा प्रश्न होता. इथे जिचं पाणी चालत नाही तिच्याकडे तो मागतो आहे. पुढे तो त्या गावात दोन दिवस राहतो, म्हणजे तिथलं अन्नही खातो.

तिसरं काम सावधगिरीचं. शोमरोनी म्हणजे दलित आणि यहूदी म्हणजे ब्राह्मण, असं सरळ समीकरण मांडू नका. शोमरोन्यांकडे स्वतःचं नियमशास्त्र होतं, गरिज्जीम डोंगरावर मंदिर होतं. ते यहूदी सत्ताधीशाने इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात पाडलं. हे वैर आहे, श्रेणीबद्ध विषमता नव्हे. आणि येशू स्वतः यहूदी आहे. बाविसाव्या वचनात तो तिला सुनावतो, की तुम्ही ज्याची उपासना करता ते तुम्हाला ठाऊक नाही, तारण यहूद्यांतून आहे. हे वचन टोचतं. ते गाळू नका. मंडळीला सांगा की बाई डोंगराचा प्रश्न काढून त्याच्याशी वाद घालते, आणि त्या वादातूनच ‘ना हा डोंगर, ना यरुशलेम’ हे उत्तर येतं.

चौथं काम: समोर बसणार कोण, ते लिहून काढा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. शासन म्हणतं, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही. उपदेशक म्हणतो, तुम्ही पापी, जातीचं काय घेऊन बसलात? आणि तिरुचिरापल्लीच्या मेलपुदुरमध्ये ख्रिस्ती दफनभूमीतच जातीची भिंत आहे. केरळात पोयकयिल योहन्नान उपदेशक होते. चर्चमध्येही जात सुटत नाही हे पाहून ते बाहेर पडले, आपल्या माणसांचा इतिहास कुठल्याच ग्रंथात का नाही असं विचारत त्यांनी वेगळी सभा उभी केली. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात दलित अनुभवातून ईशज्ञान मांडायला सुरुवात केली. तुम्ही करताय ती तयारी याच वाटेवरची आहे.

शेवटचं काम: क्रियापदं मोजा. बाई विचारते, वाद घालते, घागर टाकून गावात जाते, लोकांना सांगते. तिच्या शब्दावर पुष्कळ जण विश्वास ठेवतात. त्या गावाची पहिली उपदेशक तीच. आणि बेचाळिसाव्या वचनात तेच गावकरी तिला म्हणतात, आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. त्यांच्या विश्वासाच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण यानंतर तिचं नावही कुठे येत नाही. नाव तर आधीही नव्हतंच.

उपदेश लिहून झाला की त्यातून बाईबद्दलची वाक्यं वेगळी काढा. त्यांत ती बोलते आहे की फक्त तिच्याबद्दल बोललं जातंय, हे तपासा. दुसरं असेल तर रविवारच्या आत पुन्हा लिहा.

जय भीम.