कळा आणूनही बाळंतपण होत नाही तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रसूतिगृहात पुष्कळ वर्षे काढलेल्या बाईला बोलायला उभे केले की विषय बाळंतपणाचाच निघणार! पण आज मी एकच गोष्ट घेतली आहे. औषध देऊन कळा आणल्या, दिवसभर सलाईन चालले आणि शेवटी सिझेरियन झाले, की बाहेरच्या बाकावर कोणीतरी म्हणतेच, "हिच्यात जोरच नाही. आमच्या वेळी असे नव्हते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचे उत्तर चारचौघींत द्यावे असे वाटले.

औषध कळा आणते. पण गर्भाशयाचे तोंड तयार नसेल तर नुसत्या कळांनी भागत नाही. आढीत न पिकलेला आंबा दाबून गोड होतो का? १९६४ साली एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी यासाठी गुण देण्याची पद्धत सुचवली. तोंड किती उघडले, किती आखूड झाले, मऊ आहे की कडक, पुढे आहे की मागे, आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, अशा पाच गोष्टींचे मिळून १३ गुण. आठच्या वर असतील तर काम बहुधा सोपे. सहा किंवा त्याहून कमी असतील तर आधी गोळीने किंवा रबरी नळीच्या फुग्याने तोंड मऊ करावे लागते.

तेवढे करूनही वेळ लागतोच. आपल्या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. चोवीस तासांत नैसर्गिक रीतीने बाळंत झालेल्या स्त्रिया गोळीच्या गटात शंभरात ५७ आणि फुग्याच्या गटात ४७. उरलेल्या सगळ्या जणींत जोर नव्हता असे का म्हणायचे?

पहिलटकरणीला हे अधिक जड जाते. वजन फार असेल, उंची कमी असेल, वय पस्तिशीपलीकडे असेल, बाळ मोठे असेल, तरीही. यातले सुनेच्या हातात कितीसे आहे, सांगा!

म्हणून कळा आणूच नयेत असे मात्र नाही. रक्तदाब वाढला, पाणी गेले किंवा दिवस उलटून गेले, तर थांबणे धोक्याचे. कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलेच, हाही गैरसमज. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सहा हजारांवर निरोगी पहिलटकरणींच्या पाहणीत ३९ आठवडे भरल्यावर कळा आणलेल्यांत सिझेरियन उलट थोडी कमीच झाली. दिवस भरण्याआधी मुहूर्तासाठी तारीख मागणे ही निराळी गोष्ट. त्याला मी साफ नकार देत आले आहे.

आणि घाई! बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, तर पाणमोट फोडून सलाईन लावल्यावर निदान बारा ते अठरा तास वाट पाहावी, मगच ते फसले म्हणावे. सहा तासांतच "करून टाका एकदाचे" म्हणणारे पुष्कळदा आपणच असतो.

शेवटच्या पाळीची तारीख मात्र लिहून ठेवायला सांगा, आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू देऊ नका. तारखेत महिन्याची चूक झाली, की कच्च्या दिवसांत कळा आणल्या जातात. बाकीचे चहाच्या वेळी विचारा. सुनांनाही पुढे बसवा.