इलाजाचाही कागद मागा



बऱ्हाणपूरची आपली माणसं इलाजाला खंडवा, इंदूर, जळगाव गाठतात. तिथे चूक झाली तरी आपण नशिबाला बोल लावतो. कायदा तसं करत नाही.

1953 साली पालशेतला मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाला पुण्यात आणलं. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं, मुलगा दगावला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरला जबाबदार धरलं. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहिला, बाई गेली. 1996 मध्ये शासन जबाबदार ठरलं. संमतीविना ऑपरेशन हा तिसरा प्रकार.

प्रत्येक मृत्यू म्हणजे हलगर्जी नव्हे. पण हलगर्जी सिद्ध करायला कागद लागतो. आम्ही बँकवाले पावतीशिवाय पैसा घेत नाही. मग दवाखान्यातून कागदाविना का यावं? अर्ज दिल्यावर 72 तासांत केसपेपर द्यावेत, असा नियम आहे. पैसे देऊन घेतलेल्या इलाजाची तक्रार ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत करावी. अर्ज लिहायला आपल्या मंडळाने हात द्यावा, एवढीच विनंती.