पाऊस पोथीत नाही, वाऱ्यात आणि डोंगरात आहे

(रोहिणी नक्षत्रात गावच्या शाळेच्या पटांगणात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



सध्या रोहिणी चालू आहे. कुळवाच्या पाळ्या झाल्या, शेणखत विसकटून झाले, बियाणे घरात आले, आणि लहानथोर सर्वांची नजर पश्चिमेकडे लागली आहे. लोहारदादांच्या भात्याला सध्या उसंत नाही. कुंभारमामा शेवटची भट्टी उतरवण्याच्या घाईत आहेत. अशा वेळी घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा मृगाचे वाहन काय?" आज मी या एका प्रश्नावर बोलणार आहे. कोणाची श्रद्धा दुखवावी असा माझा हेतू नाही. परंतु ज्या गोष्टीवर आपले वर्षाचे पोट अवलंबून आहे, तिचा विचार दुसऱ्यावर सोपवून आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पंचांग वाचून दाखवणाऱ्याने आमच्या आबांना सांगितले की, वाहन बेडूक आहे, पाऊस भरपूर. त्याला शिधा व दक्षिणा मिळाली. मृगाच्या तोंडावर एक जोराची सर आली आणि आबांनी भुईमूग टोकला. ती सर वळवाची होती. पुढे अठरा दिवस थेंब नाही. उगवलेले कोंब करपले आणि न उगवलेले बी मातीत वाळले. दुसऱ्या पेरणीसाठी आईच्या गळ्यातील बोरमाळ सावकाराकडे गेली, ती परत आली नाही. त्या माणसाला पुढे कोणी जाब विचारला नाही. उलट पुढच्या वर्षीही तो आला व शिधा घेऊन गेला. दोष एकट्या त्याचा नाही. वाहन कसे काढतात हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि जेथे विचारणारा नाही तेथे सांगणाऱ्याला भय कसले?

तर हे वाहन काढतात कसे, ते ऐका. सूर्य ज्या क्षणी नव्या नक्षत्रात शिरतो, त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजतात, नऊने भागतात, आणि बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक ठरवतात. झाले वाहन! यात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही, डोंगर नाही. चौथीतल्या पोराला येणारा हा भागाकार आहे.

आता माझा एकच सवाल आहे. सूर्य आणि चंद्र आपल्या साऱ्या जिल्ह्याला एकच. म्हणजे वाहनही एकच. मग गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेथून पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला शिरोळकडे पाच-सहाशेच, हे कसे? बेडूक गगनबावड्यात पोहतो आणि शिरोळला पोहोचेपर्यंत तहानेने व्याकूळ होतो काय? एकाच जिल्ह्यात दसपट फरक पडतो, त्याचे उत्तर पंचांगात नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या सह्याद्रीत आहे.

मंडळी, उन्हात ठेवलेला तवा आणि पाण्याने भरलेली घागर यांत लवकर तापतो तो तवा. तशीच जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. चैत्र-वैशाखात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, हिंदुस्थानची भूमी भाजून निघते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला दक्षिणेच्या महासागरावरून वारा धावतो. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतो. वाटेत हजारो कोस समुद्राची वाफ त्याने पोटात भरून घेतलेली असते. जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील फरकाशी या वाऱ्यांचा संबंध एडमंड हॅले या इंग्रज विद्वानाने १६८६ सालीच जोडून दाखवला होता. पुढे या विद्येत पुष्कळ भर पडली, पण पाया तोच राहिला.

हा ओला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीला थडकतो. पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. वर चढला की थंड होतो, आणि थंड हवेला तितकी वाफ धरवत नाही. ती पाणी होऊन गळते. म्हणून गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर येथे धो धो पाऊस. डोंगर उतरताना वारा पुन्हा तापतो, आणि त्याची झोळी तर आधीच रिकामी झालेली. म्हणून शिरोळ, हातकणंगले आणि पुढे माणदेशापर्यंत कोरड. याला पर्जन्यछाया म्हणतात. शिरोळच्या शेतकऱ्याने पाप केले नाही आणि गगनबावड्याच्या शेतकऱ्याने पुण्य केले नाही. एक डोंगराच्या तोंडाशी राहतो, दुसरा पाठीशी, इतकेच.

सबंध देशाचे पाहा. १ जूनच्या सुमारास पाऊस केरळात उतरतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोचतो, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात देश व्यापतो. सप्टेंबरच्या मध्यास राजस्थानातून माघार घेऊ लागतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो. हे झाले सरासरीचे. दर साली मागेपुढे व्हायचेच. या चार महिन्यांत देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वर्षाच्या पावसाचा सुमारे तीन चतुर्थांश. परंतु तामिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, वारा उलट फिरल्यावर येतो. मेघालयातील मौसिनरामला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या वर, तर जैसलमेरला दोनशेच्या आसपास. एका देशाला एक वाहन कसे पुरावे?

"मग गुरुजी, आमची नक्षत्रेही खोटी काय?" असे कोणी विचारील. नाही. नक्षत्रे हा शेतकऱ्याचा स्वतःचा, सूर्यावर चालणारा पंचांग आहे. ७ जूनच्या सुमारास मृग, २१-२२ ला आर्द्रा, जुलैत पुनर्वसू व पुष्य, सप्टेंबरअखेर हस्त, हे दर वर्षी जवळजवळ त्याच तारखांना येते. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आपल्या वाडवडिलांचे आहे. ते कोणाकडून विकत घ्यावे लागत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही नक्षत्रे साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा चौदा दिवस आधी निघत असे. म्हणजे ताऱ्यांची तारीख सरकली, पण पाऊस सूर्याच्या तापवण्याला धरून राहिला. म्हणून नक्षत्र हे दिवस मोजण्याचे साधन समजा. ते पाऊस पाडणारे नव्हे.

आता पाऊस एखाद्या वर्षी दगा का देतो? याचे एक कारण फार दूर आहे. पॅसिफिक महासागराचे दक्षिण अमेरिकेकडील पाणी काही वर्षी वाजवीपेक्षा जास्त तापते. त्यास एल निनो म्हणतात. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे १९०४ ते १९२४ पर्यंतचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशींच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवून, त्या महासागरावरील हवेचा व आपल्या पावसाचा संबंध शोधला. २००२ व २००९ या एल निनोच्या वर्षी आपल्याकडे दुष्काळ पडला. परंतु १९९७ साली एल निनो जोराचा असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. पाहा, खरी विद्या आपली चूकही आकड्यांनी सांगते. वाहन चुकल्याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात पावसासाठी होमहवन करा असे सांगितले नाही. ठिकठिकाणी ताली व बंधारे घाला, म्हणजे पाणी शेतात मुरेल व माती वाहून जाणार नाही, असे सांगितले. आणि आमच्या शाहू महाराजांनी काय केले? पाऊस पश्चिमेच्या डोंगरात पडतो व वाहून जातो हे ओळखून भोगावतीवर फेजिवडे येथे धरण बांधायला घेतले. ते महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात पूर्ण झाले. आज राधानगरीच्या त्या धरणात सुमारे ८.३६ टी.एम.सी. पाणी मावते. ज्या राजाने वेदोक्ताच्या प्रकरणात भिक्षुकशाहीशी झुंज दिली, त्यानेच हे धरण आरंभिले, हा योगायोग नव्हे. माणसाने आपल्या बुद्धीवर उभे राहावे हा एकच विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

हीच गोष्ट पुराची. २०१९ साली जूनमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा तिसरा हिस्सा कमी पडला. लोक दुष्काळाच्या गोष्टी करू लागले. ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली. तेथे ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका समजतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शिरोळच्या लोकांनी आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या उगमाकडे आणि कृष्णा-कोयनेच्या डोंगरात काल किती पडला, हे विचारले पाहिजे. आज तो आकडा रोज प्रसिद्ध होतो, मोबाईलवरही मिळतो. जनावरे केव्हा सोडवायची, धान्य केव्हा हलवायचे, माग व चामडे केव्हा उंचावर न्यायचे, हे त्या आकड्यावर ठरते.

आता करायचे काय ते थोडक्यात सांगतो.

पहिले, पाऊस मोजा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. घर व झाड यांपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजा, वहीत लिहा, पाणी ओता. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे शंभर लिटर पाणी, हे पोराबाळांना पाठ करवा. आमच्या शाळेतील मुली ही वही ठेवतात, आणि त्यांच्या आकड्यांत मला अद्याप खाडाखोड आढळली नाही.

दुसरे, जिराईत पेरणीची घाई करू नका. पश्चिमेकडील भाताची धूळवाफ पेरणी निराळी. परंतु सोयाबीन, भुईमूग यांना पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाऊ द्या आणि वाफसा येऊ द्या. वळीव कोणता व मोसमी कोणता, हे हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहा. अंदाजही चुकतो, पण तो का चुकला हे विचारता येते.

तिसरे, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर सरकार अतिवृष्टी धरते, आणि तो आकडा महसूल मंडळाच्या मापकावरून घेते. मापक एका गावी, ढगफुटी दुसऱ्या गावी, असे घडते. तुमची वही सरकार पुरावा मानीलच असे मी म्हणत नाही. परंतु तारीखवार आकडे हाती घेऊन पंचनामा मागणारा शेतकरी आणि नुसता हात जोडणारा शेतकरी यांत फरक आहे.

चौथे, पावसासाठी अनुष्ठान करायला जी वर्गणी काढाल, ती बांधाच्या ताली दुरुस्त करण्यास लावा; उरेल त्यातून एखाद्या मुलीची पुस्तके घ्या. निर्मिकाने ढग, वारा आणि डोंगर सर्वांसाठी केले. त्याने मध्ये दलाल नेमलेला नाही.

माझ्या आईची बोरमाळ आता परत येणार नाही. परंतु यंदा या गावात एकाही माऊलीच्या गळ्यातील डाग दुबार पेरणीसाठी उतरू नये, एवढीच माझी इच्छा आहे. मृग निघायला थोडे दिवस आहेत. घरी जा, डबा शोधा, आणि पहिली ओळ पोरीच्या हाताने लिहवून घ्या.

सत्याचा जय असो.